मॅट्रिक्स न मांडता

फायनाईट एलिमेंट शिकलेल्या माणसाला स्टिफनेस मॅट्रिक्स वेगळा समजावून सांगावा लागत नाही. अभियांत्रिकीच्या वर्गात फळ्यावर तीन दांड्यांचा ट्रस काढतात, प्रत्येक दांडीचा छोटा मॅट्रिक्स लिहितात आणि ते सगळे एका मोठ्या मॅट्रिक्समध्ये आपापल्या जागी बसवतात. या बसवण्याला असेंब्ली म्हणतात. त्या दिवसापासून मनात पक्कं होतं की हा मोठा मॅट्रिक्स म्हणजेच आपला प्रश्न. तो आधी बांधायचा, मग सोडवायचा.

ही समजूत आली कुठून, याचं उत्तर इतिहासात आहे. रिचर्ड कूरांट यांचा त्रिकोणी तुकड्यांवरचा निबंध 1943 चा. विमानाच्या पंखांचा ताठरपणा काढण्यासाठी टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी लिहिलेला निबंध 1956 चा, आणि ‘फायनाईट एलिमेंट’ हे नाव क्लफ यांनी दिलं ते 1960 मध्ये. यातली बरीच मंडळी स्ट्रक्चरची होती आणि त्यांची हत्यारं मॅट्रिक्सचीच होती. त्यामुळे पद्धत आणि मॅट्रिक्स एकत्रच वाढले. पुढे साठ वर्षं व्यावसायिक सॉफ्टवेअर त्याच पायावर उभं राहिलं.

या पायाला गेल्या चाळीस वर्षांत एक पर्याय तयार झाला. ‘लिबसीड’ ही लायब्ररी म्हणजे त्या पर्यायाचं आजचं सर्वांत नेटकं रूप. तिच्यापर्यंत पोचायचं तर सुरुवात घातापासून करावी लागेल.

एका एलिमेंटच्या आत उत्तर कसं बदलतं हे आपण बहुपदीने सांगतो. बहुपदी सरळ रेषेची असेल तर घात 1, वक्र असेल तर 2, आणि असंच पुढे. अचूकता वाढवायचे दोन रस्ते आहेत: एलिमेंट बारीक करा किंवा घात वाढवा. उत्तर गुळगुळीत असेल तर दुसऱ्या रस्त्याची ताकद थक्क करते. मेश दुप्पट बारीक केली की घात 1 ला चूक साधारण चौपट कमी होते, घात 7 ला तीच 256 पट. लाटा, ध्वनी, प्रवाहातले भोवरे, म्हणजे ज्या गोष्टी दूरवर जातात आणि वाटेत आकार बिघडता कामा नये, तिथे हा फरक निर्णायक ठरतो. बाबुश्का, सॅबो आणि कॅट्झ यांनी 1981 मध्ये या ‘पी-व्हर्जन’ला भक्कम गणिती आधार दिला. उद्योगातही तो काही काळ पोचला. प्रो/मेकॅनिका वापरलेल्या डिझाइनरांना मेश तशीच ठेवून घात वाढवत नेणारं ते सॉफ्टवेअर आठवत असेल.

तरीही सर्वसाधारण मत पालटलं नाही. घात 2 पुरे, त्यापुढे परवडत नाही, हे वाक्य कित्येक वर्षं शहाणपण म्हणून सांगितलं गेलं. माझ्या मते ते चुकीच्या गोष्टीवर ठपका ठेवत होतं. महाग होता तो मॅट्रिक्स. घात बिचारा त्याच्यासोबत बदनाम झाला.

हे आकड्यांत पाहण्यासारखं आहे. विटेसारखा सहा पृष्ठांचा एक एलिमेंट घ्या, घात 7. प्रत्येक दिशेला 8 नोड, म्हणजे एकूण 512. या एका एलिमेंटचा मॅट्रिक्स 512 गुणिले 512 चा, म्हणजे 2,62,144 आकड्यांचा. दुहेरी अचूकतेत एका आकड्याला 8 बाईट लागतात, तेव्हा एका विटेला 2 मेगाबाईट. 20 गुणिले 20 गुणिले 20 विटांचा लहानसा ठोकळा जरी एलिमेंटनिहाय मॅट्रिक्स ठेवून मांडला, तरी 16 गिगाबाईट मेमरी जवळपास भरून जाते. हा हिशेब पाहून कोणीही हात आखडता घेतला असता.

वाट दाखवली ती स्टीव्हन ऑर्झॅग यांनी, 1980 मध्ये, गुंतागुंतीच्या आकारांवर स्पेक्ट्रल पद्धती कशा लावायच्या यावरच्या निबंधात. त्यांचं निरीक्षण असं की विटेतल्या बहुपदी या तीन दिशांच्या एकमितीय बहुपदींचे गुणाकार असतात. मग 512 नोडवरच्या किमतींवरून आतल्या 512 क्वाड्रेचर बिंदूंवरच्या किमती काढायला मोठा मॅट्रिक्स कशाला? आधी फक्त एक्स दिशेला 8 गुणिले 8 चा छोटा मॅट्रिक्स लावा, मग वाय दिशेला, मग झेड दिशेला. प्रत्येक फेरीत 4,096 गुणाकार, तीन फेऱ्यांत 12,288. थेट गेलं असतं तर 2,62,144. उत्तर तेच, आकडान्‌आकडा तोच. कुठेही अंदाज किंवा तडजोड नाही. या युक्तीला सम-फॅक्टरायझेशन म्हणतात.

यातून मॅट्रिक्सची गरजच संपते, कारण समीकरण सोडवणाऱ्या पुनरावर्ती पद्धतींना मॅट्रिक्स हातात लागत नाही. एखाद्या सदिशावर त्याचा परिणाम काय होतो एवढंच त्या विचारतात. तो परिणाम दर वेळी नव्याने काढायचा. साठवायचं काय, तर प्रत्येक क्वाड्रेचर बिंदूवरचे भूमितीचे आणि पदार्थाचे थोडे आकडे. उष्णतावहनासारख्या प्रश्नात एका बिंदूला 6, म्हणजे आपल्या विटेला 3,072. दोन मेगाबाईटच्या जागी 24 किलोबाईट.

या कल्पनेला पहिलं घर मिळालं ते द्रवगतिकीत. एमआयटीत अँथनी पटेरा यांनी 1984 मध्ये स्पेक्ट्रल एलिमेंट पद्धत मांडली. त्या परंपरेतूनच पॉल फिशर यांचा ‘नेक5000’ हा कोड अमेरिकेतल्या अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत वाढला. 1999 मध्ये टुफो आणि फिशर यांना त्यावरच्या कामासाठी गॉर्डन बेल पारितोषिक मिळालं. म्हणजे विसाव्या शतकातच हे सिद्ध झालेलं होतं. पण ते एका घराण्याचं गाणं राहिलं. दुसऱ्या कोणाला ते हवं असेल तर त्या घराण्याचा कोड, त्याची मेश आणि त्याच्या सवयी सगळंच उचलावं लागे. जर्मनीत रुजलेल्या ‘डील-टू’ लायब्ररीत क्रोनबिखलर आणि कॉर्मन यांनी 2012 मध्ये मॅट्रिक्सविना हिशेबाची सोय मोठ्या कौशल्याने केली, पण तीही त्या लायब्ररीच्या चौकटीतच.

दरम्यान यंत्रं बदलली, आणि माझ्या दृष्टीने या कहाणीतलं खरं वळण हेच. ऑर्झॅग यांच्या काळात महाग होते ते गुणाकार. त्यांनी ते वाचवले. पुढे गुणाकार स्वस्त होत गेले आणि मेमरीतून आकडे आणणं महाग. एनव्हिडियाचा व्ही-100 हा जीपीयू पाहा. सेकंदाला 7.8 लाख कोटी दुहेरी अचूकतेच्या क्रिया, आणि मेमरीचा वेग सेकंदाला 900 गिगाबाईट. भागाकार केला तर मेमरीतून एक आकडा यायच्या वेळेत हे यंत्र जवळपास 70 क्रिया उरकू शकतं. साठवलेल्या विरळ मॅट्रिक्सचा प्रत्येक आकडा आणल्यावर त्याच्यावर क्रिया होतात दोन: एक गुणाकार, एक बेरीज. पंगत शेकडोंची आणि वाढपी एकच, अशी अवस्था. मॅट्रिक्सविना पद्धत थोडे आकडे आणते आणि त्यांच्यावर भरपूर काम करते. गुणाकार वाचवण्यासाठी काढलेली युक्ती मेमरीचा वेग वाचवण्यासाठी आणखी मोलाची ठरली.

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने 2016 मध्ये एक्झास्केल कम्प्युटिंग प्रोजेक्ट सुरू केला, तेव्हा हे गणित समोर होतं. त्यातल्या एका केंद्राचं नाव सीड. लॉरेन्स लिव्हरमोर आणि अरगॉन या दोन प्रयोगशाळा आणि पाच विद्यापीठं त्यात होती. नेतृत्व लिव्हरमोरच्या त्झानिओ कोलेव्ह यांच्याकडे. त्यांची आणि व्हेसेलिन डोब्रेव्ह यांची ‘एमएफईएम’ लायब्ररी तोवर चांगली रुळली होती. फिशर यांचं घराणंही आत होतं. या मंडळींनी आधी केलेली गोष्ट मला फार आवडते: सगळ्यांनी आपापले कोड एकाच तराजूत घातले. मास मॅट्रिक्स आणि पॉयसन यांचे नेमून दिलेले सहा प्रश्न, घात आणि क्वाड्रेचर ठरलेले, आणि मोजमापही एकच: दर सेकंदाला किती अज्ञातांवर किती फेऱ्या होतात. सीडच्या बाहेरचा डील-टूही या चुरशीत उतरला. नेक5000, एमएफईएम आणि डील-टू यांची तुलना 2020 मध्ये प्रसिद्ध झाली. स्वतःच्या कोडची कमतरता शेजाऱ्याच्या आलेखावर पाहून तो सुधारायचा, हे वैज्ञानिक सॉफ्टवेअरमध्ये वाटतं तितकं सर्रास घडत नाही.

याच केंद्रातून 2018 च्या सुरुवातीला लिबसीडची पहिली आवृत्ती बाहेर पडली. बोल्डरच्या कोलोरॅडो विद्यापीठातले जेड ब्राउन हे तिच्या मुख्य शिल्पकारांपैकी. लायब्ररीचा गाभा म्हणजे कामाची वाटणी. मोठ्या मॅट्रिक्सचा परिणाम ती चार टप्प्यांत फोडते. पहिला टप्पा संपूर्ण प्रश्नाच्या सदिशातून प्रत्येक प्रोसेसरचा वाटा काढतो. दुसरा त्यातून एकेका एलिमेंटचे नोड उचलतो. तिसरा नोडवरून क्वाड्रेचर बिंदूंवर जातो. ऑर्झॅग यांची युक्ती इथे बसते. चौथा त्या बिंदूवरचं भौतिकशास्त्र. मग पहिले तीन टप्पे उलट्या क्रमाने चालून परत.

वापरणाऱ्याने स्वतः लिहायचा तो मुख्यतः चौथा टप्पा. त्याला क्यूफंक्शन म्हणतात. मास मॅट्रिक्ससाठी त्याचा गाभा एका ओळीचा आहे: बिंदूवरची किंमत घ्या, तिथल्या साठवलेल्या आकड्याने गुणा, परत द्या. रबरासारख्या पदार्थाचं मोठं विरूपण असेल तर ओळी वाढतात, पण लिहिणारा पदार्थविज्ञानाचाच विचार करत असतो. नोड कुठला, शेजारी कोण, मेमरीत काय कुठे आहे, यातलं काहीच त्याच्या डोक्यावर नसतं.

आणि तेच क्यूफंक्शन वेगवेगळ्या यंत्रांवर चालतं. यंत्रागणिक बदलणाऱ्या भागाला बॅकएंड म्हणतात. सीपीयूसाठीचा एक बॅकएंड आठ-आठ एलिमेंट एकत्र विणतो, म्हणजे प्रोसेसरची एकच सूचना अनेक एलिमेंटवर एकदम लागू होते. एनव्हिडियासाठीचा सर्वांत तेज बॅकएंड प्रोग्राम चालू असतानाच एलिमेंट उचलणं, बिंदूंवर जाणं, भौतिकशास्त्र आणि परतीचा प्रवास हे सगळं एकाच कर्नलमध्ये गुंफून कोड तयार करतो. त्यामुळे मधले आकडे मेमरीत जाऊन परत येत नाहीत. कोणता बॅकएंड वापरायचा ते एका छोट्या नावाने, प्रोग्राम चालवताना सांगायचं.

याची कसोटी लगेच लागली. 2018 च्या समिट महासंगणकात एनव्हिडियाचे जीपीयू होते. 2022 मध्ये एक्झाफ्लॉपचा टप्पा ओलांडणाऱ्या फ्रंटियरमध्ये एएमडीचे, आणि नंतरच्या ऑरोरात इंटेलचे. ज्यांच्या कोडमध्ये यंत्राची भाषा भौतिकशास्त्रात मिसळलेली होती त्यांना प्रत्येक वेळी पुनर्लेखन करावं लागलं. लिबसीडमध्ये बदलले ते बॅकएंड. 2021 च्या निबंधापर्यंत सी, फोर्ट्रान, पायथन, ज्युलिया आणि रस्ट अशा पाच भाषांतून ती वापरता येत होती, आणि परवाना इतका मोकळा की कंपनीलाही अडचण नाही. क्वांटम संगणकाच्या चिपमधली विद्युतचुंबकीय क्षेत्रं काढण्यासाठी अ‍ॅमेझॉनने 2023 मध्ये खुला केलेला ‘पॅलेस’ एमएफईएमवर उभा आहे आणि पुढे त्याने लिबसीडही घेतली.

सगळं श्रेय या एका लायब्ररीला देणं योग्य होणार नाही. नेक5000 चा जीपीयू अवतार, नेकआरएस, स्वतःचे कर्नल वापरतो. त्याने समिटवर साडेतीन लाखांहून अधिक गोळ्यांच्या अणुभट्टीतला प्रवाह काढला. एल कॅपिटन महासंगणकावर एमएफईएमच्या मदतीने केलेल्या, कॅस्केडिया किनाऱ्याच्या त्सुनामी इशाऱ्याच्या कामाला 2025 चं गॉर्डन बेल पारितोषिक मिळालं. मुळाशी मात्र सगळीकडे तीच 1980 ची तीन फेऱ्यांची युक्ती आहे.

एक्झास्केल प्रोजेक्ट 2023 अखेर संपला. लायब्ररीचं काम चालू राहिलं. अडचणी दोन उरल्या आहेत. पहिली प्रीकंडिशनरची: मॅट्रिक्सच नसेल तर त्याचा स्वस्त अंदाज कशावरून बांधायचा? घात पायरीपायरीने उतरवणारी मल्टिग्रिड किंवा त्याच नोडवर घात 1 ची बारीक मेश, हे आजचे मार्ग. कमी घाताच्या आधाराने जास्त घात सोडवायची सूचना ऑर्झॅग यांच्या त्याच निबंधात होती. दुसरी अडचण आपल्याकडे जास्त जाणवणारी. सम-फॅक्टरायझेशन विटांवर खुलतं. चतुष्फलकांवर तीन दिशा अशा सुट्या होत नाहीत. लिबसीड तेही एलिमेंट घेते, पण तिथे मोठे दाट गुणाकार एकगठ्ठा करावे लागतात. पुण्यातल्या कुठल्याही सीएई कार्यालयात कास्टिंगचा भाग आला की सेकंड ऑर्डर टेट, म्हणजे चतुष्फलकांची, मेश मारतात, कारण ती आपोआप होते. हेक्स, म्हणजे विटांच्या, मेशला माणूस बसवावा लागतो, आणि तेवढे दिवस ग्राहक देत नाही.

म्हणून ब्राउन आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये मांडलेलं घन पदार्थांवरचं काम अशा कार्यालयांतल्या मंडळींनी जरूर वाचावं असं मला मनापासून वाटतं. त्यात दाखवलं आहे की रोजच्या अभियांत्रिकीला लागते तेवढ्याच अचूकतेसाठीही उच्च घात पुष्कळ स्वस्त पडतो, आणि घात 1 च्या एलिमेंटलाही मॅट्रिक्स न साठवण्याने दुपटीपर्यंत लाभ होऊ शकतो. ज्यांच्याकडे हेक्स मेश आधीच तयार पडून आहे, रबरी बुश, गॅस्केट, इंजिन माउंट यांच्या, त्यांना हे आज करून पाहता येईल. लायब्ररी फुकट आहे, उदाहरणं सोबत येतात, आणि सुरुवातीला जीपीयूही लागत नाही.