भरभराट आणि काटकसर : एकाच कुळातील दोन शब्द

दुकानाच्या दारावर ‘शुभ-लाभ’ लिहिणाऱ्या घरांना भरभराटीचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. इंग्रजीत याच अर्थाचा ‘थ्राइव्ह’ हा शब्द सुमारे आठशे वर्षांपूर्वी उत्तर युरोपातील नॉर्स भाषेतून आला. त्याच्या मूळ धातूचा अर्थ ‘घट्ट पकडणे’ असा होता. त्यातून ‘स्वतःसाठी मिळवणे’ आणि पुढे ‘समृद्ध होणे’ हा अर्थ रूढ झाला. आपल्या ‘परिग्रह’ या शब्दातील ‘ग्रह्’ धातूचा अर्थही पकडणे हाच आहे.

याच कुळातील दुसरा शब्द ‘थ्रिफ्ट’. आरंभी त्याचाही अर्थ समृद्धी असाच होता. कालांतराने तो काटकसर या अर्थी स्थिरावला. मिळवलेले राखता आले तरच वाढ टिकते, असे हा अर्थप्रवास सुचवतो.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातील बांबू हीच गोष्ट सांगतो. बल्लारपूरच्या कागद कारखान्यामुळे येथील बांबूची बाजारपेठ जुनी आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासी गावाला वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला.

हक्क हाती आला, तरी बांबूच्या बेटाचा हिशेब मोडता येत नाही. चालू वर्षाचे कोवळे बांबू राखावे लागतात, त्यांच्या आधाराला काही जुनेही उभे ठेवावे लागतात. उरलेले पक्व बांबू तेवढे तोडायचे. जमिनीखालील कंद हे मुद्दल, वरची तोड हे व्याज. मुद्दलाला हात लागला की बेट खंगत जाते.

या गावाने २०१३ मध्ये आणखी एक पाऊल टाकले. १९६४ च्या ग्रामदान कायद्यानुसार ग्रामस्थांनी आपल्या शेतजमिनींची खासगी मालकी ग्रामसभेकडे सोपवली. ज्या शब्दाचे मूळ ‘पकडणे’ आहे, त्याचा अर्थ येथे मूठ सैल करून शोधला गेला.

पेढीचा नियमही बेटासारखाच आहे. नफा दिसत असतानाही घरखर्चासाठी भांडवलातून उचल होत राहिली, तर पुढच्या पिढीच्या हाती केवळ पाटी उरते. म्हणून वर्षअखेरीस ताळेबंद पाहताना नफ्याच्या आकड्याबरोबर उचलीचा आकडाही घरातील सर्वांनी एकत्र बसून पाहावा.