पांझरेचे पाणी आणि न दिसलेला पाऊस

दिसलेल्या गोष्टीवरून न दिसलेली गोष्ट कळते, त्या ज्ञानाला अनुमान म्हणतात. धुळे शहरात देवपूर आणि जुने धुळे यांच्यामधून पांझरा नदी वाहते. धुळ्यात थेंब पडलेला नसताना तिचे पाणी गढूळ होऊन चढू लागते, तेव्हा पुलावर थांबलेली माणसे म्हणतात, ‘वर साक्रीकडे पाऊस झालेला दिसतो.’ हे ‘दिसतो’ फार बोलके आहे. दिसलेले असते फक्त पाणी.

न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायनाने हेच उदाहरण घेतले आहे. कार्यावरून कारणाकडे जाणाऱ्या अशा अनुमानाला तो ‘शेषवत्’ म्हणतो. दाटलेले ढग पाहून पाऊस येणार हे ओळखणे म्हणजे ‘पूर्ववत्’.

दुसऱ्याला पटवताना नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, पाच वाक्ये वापरतात. वर पाऊस झाला आहे, ही प्रतिज्ञा. कारण नदी गढूळ होऊन चढली आहे, हा हेतू. नदी अशी चढते तेव्हा वर पाऊस झालेला असतो, जसा मागच्या श्रावणात झाला होता, हे उदाहरण. आजही ती तशीच चढली आहे, हा उपनय. म्हणून वर पाऊस झाला आहे, हे निगमन. सगळा भार तिसऱ्या वाक्यावर असतो. हेतू आणि साध्य (जे सिद्ध करायचे ते) यांना बांधणारा नियम, म्हणजे व्याप्ती, तिथे अनुभवाच्या दाखल्यासह येते.

ही व्याप्ती तुटली तर? आक्षेप न्यायसूत्रांतच आहे: प्रवाह अडून पाणी तुंबले तरी नदी फुगते. उत्तर असे की तुंबलेले पाणी वेगळे आणि पावसाचा पूर वेगळा. पूर वेगाने येतो. फेस, पाने, फळे, लाकडे वाहून आणतो. म्हणजे चूक अनुमानाची नसते, खूण अर्धवट पाहिल्याची असते.

पांझरेवर मात्र आता वरच्या अंगाला, साक्री तालुक्यात, अक्कलपाडा धरण आहे. त्याचे दरवाजे उघडले की पाणी वेगानेच येते आणि काठाचा काडीकचराही सोबत आणते. पाऊस परवाचा असू शकतो. ‘वर पाऊस झाला’ इथवर अनुमान टिकते, ‘आज झाला’ हे टिकत नाही. धूर आणि अग्नीचे पाहा: धूर दिसला तर अग्नी असतोच. पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच असे नाही, त्याला ओले सरपण लागते. अशा दडलेल्या अटीला उपाधी म्हणतात. ‘आज पाऊस झाला’ या अनुमानात दरवाजे बंद असणे ही तशीच अट आहे, आणि ते बंद आहेत की उघडे, हे देवपूरच्या काठावरून नुसते पाणी पाहून कळत नाही.