मरणाविषयी मुलांशी कसे बोलावे?

मृत्यू, अपघात, शरीराची सुरक्षितता, घरातले दारूचे व्यसन हे विषय निघाले की बहुतेक घरांत मुलांना खेळायला बाहेर पाठवले जाते. पुणे जिल्ह्यातल्या मावळात यातला पहिला विषय टाळून टळत नाही. लोणावळ्याच्या डोंगरात उगम पावणारी इंद्रायणी कार्ला, कामशेत करीत देहू-आळंदीकडे जाते आणि पावसाळ्यात तिच्या काठांवर, धरणांवर, धबधब्यांवर पर्यटकांची झुंबड उडते. बुडाल्याच्या बातम्याही त्याच दिवसांत येतात. 30 जून 2024 रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याहून आलेल्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले; त्यांत लहान मुले होती. पुढच्याच वर्षी, 15 जून 2025 रोजी, तळेगावजवळ कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला. चौघांचा मृत्यू झाला, पन्नासहून अधिक जखमी झाले.

अशा वेळी शोधासाठी पाण्यात उतरणारे शिवदुर्ग मित्र किंवा वन्यजीव रक्षक मावळ या संस्थांचे स्वयंसेवक याच परिसरातले असतात. त्यामुळे इथल्या मुलाला मरण दूरच्या बातमीसारखे भेटत नाही. घरातले किंवा शेजारचे कोणी भिजून, थकून परत येते आणि मोठी माणसे दबक्या आवाजात बोलू लागतात. मूल ते ऐकते. त्याला कोणी काही सांगत नाही, म्हणून ते आपल्या मनाने गोष्ट पूर्ण करते, आणि ती गोष्ट खऱ्यापेक्षा भयंकर असू शकते.

भुशीच्या प्रवाहात एकमेकांना धरून उभ्या असलेल्या कुटुंबाची चित्रफीत त्या दिवसांत हजारो मोबाइलवर फिरली. मोठ्यांसाठी ती एका दुर्घटनेची नोंद होती. चार-पाच वर्षांच्या मुलाला मात्र तीच चित्रफीत पुन्हा दिसली की दुर्घटना पुन्हा घडते आहे असे वाटू शकते. म्हणून पहिले काम बोलण्याच्याही आधीचे आहे: टीव्ही बंद करणे आणि ती चित्रफीत घरात न फिरवणे. शाळकरी मुलाने ती पाहिलीच असेल, तर त्याने काय पाहिले आणि त्याला काय वाटले हे आधी विचारावे. स्पष्टीकरण त्यानंतर.

मरणाची समज मुलांना टप्प्याटप्प्याने येते. मानसशास्त्रज्ञ मारिया नॉज यांनी बुडापेस्टमधील तीन ते दहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास 1948 साली प्रसिद्ध केला. पाच वर्षांखालील मुले मरणाला झोप किंवा प्रवास समजतात, असे त्यांना आढळले. पुढच्या अभ्यासांनुसार मेलेले परत येत नाही, त्याचे शरीर काम करत नाही आणि प्रत्येक सजीव मरतो, या तीन गोष्टी बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या दरम्यान उमगतात. गोठ्यातले वासरू किंवा अंगणातली कोंबडी मेलेली पाहिलेल्या मुलाशी बोलताना तोच अनुभव उपयोगी पडतो.

म्हणूनच शब्द जपून निवडायला हवेत. ‘आजी झोपली’ ऐकलेले मूल रात्री डोळे मिटायला घाबरते. ‘बाबा गावाला गेले’ ऐकलेले मूल दाराकडे बघत राहते आणि बाबा आपल्याला न सांगता गेले म्हणून रुसते. ‘आजी वारली. तिचे हृदय बंद पडले. आता तिला भूक लागत नाही, दुखत नाही, आणि ती परत येणार नाही’ हे कठोर वाटले तरी मुलाला पेलणारे उत्तर आहे. ‘देवाघरी गेली’ असे सांगायला हरकत नाही, पण शरीराचे सत्य आधी सांगावे. नाहीतर देवाने आजीला नेले तर आईलाही नेईल, ही भीती मागे राहते.

‘तूही मरशील का?’ हा प्रश्न येतोच. ‘मी कधीच मरणार नाही’ हे वचन देऊ नये. बहुतेक माणसे म्हातारी होईपर्यंत जगतात, मलाही तुझ्याजवळ खूप वर्षे राहायचे आहे, आणि काही झालेच तर तुला सांभाळायला मावशी, काका, आजोबा आहेत, असे नावे घेऊन सांगावे. मुलाला खरे तर तेवढेच जाणून घ्यायचे असते. तोच प्रश्न उद्या पुन्हा येईल. उत्तरही तेच द्यावे.

एक गोष्ट पालकांच्या ध्यानात सहसा येत नाही. भावाशी भांडताना ‘मर जा’ म्हटलेले मूल तो भाऊ खरोखर गेल्यावर स्वतःला दोषी धरते आणि ते कोणाला बोलून दाखवत नाही. त्याने विचारण्याची वाट न पाहता, तुझ्या बोलण्याने किंवा रागावण्याने हे झालेले नाही, असे त्याला सांगायलाच हवे.

अंत्ययात्रा आणि दहाव्याच्या वेळी मुलांना नातलगांकडे धाडण्याची पद्धत प्रेमापोटीच आली आहे, पण सरसकट पाळण्यासारखी नाही. मुलाला विचारावे, तिथे काय दिसेल ते आधी सांगावे: लोक रडतील, घाटावर पिंड ठेवतील, कावळ्याची वाट पाहतील. जायचे नसेल तर बळजबरी नको. जायचे असेल तर एका मोठ्या माणसाने फक्त त्याच्यासाठी सोबत असावे. आईबाबा त्याच्यासमोर रडले तरी चालते. का रडतो आहोत, एवढे सांगावे.

दुर्घटनेनंतर मुले बुडण्याचा, पूल पडण्याचा खेळ खेळतात. तो थांबवू नये, मनातली भीती ती अशीच हाताळतात. अंथरूण ओले होणे, पोट दुखणे, आईला चिकटून राहणे हेही काही दिवस चालते. महिनाभराने ते कमी झाले नाही किंवा मूल स्वतः मरण्याविषयी बोलू लागले, तर बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. मरण्याचे बोलणे असेल तर एक दिवसही थांबू नये.

शरीराच्या सुरक्षिततेचे बोलणेही याच रीतीने होते. आंघोळ घालताना अवयवांची खरी नावे सांगावीत, आणि ‘आईला सांगू नको’ असे कोणी म्हटले तर तीच गोष्ट सर्वांत आधी आईला सांगायची, हे ठसवावे. मुलाने असे काही सांगितले तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवावा. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि माध्यमांतून त्या मुलाची ओळख उघड करायला मनाई आहे. गावातल्या व्हॉट्सॲप गटात त्याचा फोटो पुढे पाठवणेही म्हणूनच टाळायला हवे.

अडचणीतल्या मुलांसाठी 1098 आणि मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी टेलि-मानसचा 14416 हे दोन्ही क्रमांक मोफत असून चोवीस तास चालू असतात. टेलि-मानसवर मराठीतही बोलता येते.