धोतराचा काकडा

2021 च्या एप्रिलमध्ये माझा थोरला भाऊ करोनाने गेला. दवाखान्याच्या काचेच्या दारातून आत जाताना त्याने हात वर केला, ते शेवटचं दर्शन. दहाव्याला आम्ही चार माणसं होतो. तीस वर्षं त्याने गावच्या देवळात पखवाज वाजवला, आणि त्याच्या पाठीमागे एक अभंगसुद्धा झाला नाही. मी देवघराकडे पाठ फिरवली. आई एकटीच दिवा लावायची.

त्या वर्षी 7 ऑक्टोबरला, घटस्थापनेला, राज्यातली मंदिरं पुन्हा उघडली. पाठोपाठ कोजागिरी आली. मावळातल्या आमच्या गावात कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत काकडा चालतो. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: महिनाभर भल्या पहाटे अंघोळ करून माणसं विठ्ठलाच्या देवळात जमतात, भूपाळ्या आणि अभंग म्हणून देवाला जागं करतात, ओवाळतात. ज्याने ओवाळायचं ती कापडाची जाड, पिळलेली, तेला-तुपात भिजवलेली वात म्हणजे काकडा. त्यावरूनच सगळ्या सोहळ्याला नाव पडलं.

कोजागिरीच्या संध्याकाळी मी घरी आलो तर आई पाटावर बसून धोतर फाडत होती. दादाचं धोतर. मी ओरडलोच. ती म्हणाली, "पेटीत पडून काय करायचंय? देवापुढं तरी जाईल." चार बोटं रुंदीची पट्टी तिने मांडीवर पिळली, दुमडली, पुन्हा पिळली. पीळ सैल राहिला तर धूर होतो, थेंब गळतात, भूपाळ्या संपायच्या आत काकडा विझतो. घट्ट पिळलेला सावकाश जळतो. पितळेच्या वाटीत तेल घेऊन त्यावर चमचाभर तूप सोडलं, पट्टी रात्रभर बुडवून ठेवली आणि ती झोपायला गेली. मी बराच वेळ त्या वाटीकडे बघत होतो.

साडेतीनला कडी वाजली. दारात आमचे विणेकरी नाना. "चल रे, टाळकरी कमी आहेत."

"नाना, माझा देवावरचा विश्वास उडालाय."

"असू दे. टाळ धरता येतो ना?"

मी गेलो. ओवाळताना आमच्याकडे देवळातले सगळे दिवे मालवतात. मिट्ट अंधारात काकडा पेटला. आधी विटेवरचे पाय दिसले, मग कटेवरचे हात, मग मुख. त्याच उजेडात शेजारी उभ्या असलेल्यांचे चेहरे दिसले. एकाची बायको गेली होती, एकाचा बाप, एकीचा तरणा मुलगा. सगळे माझ्याआधी येऊन उभे होते. सहा महिने मला वाटत होतं की अंधार फक्त माझ्या घरात आहे. मी त्या पहाटे रडलो, आणि कुणी मला गप्प केलं नाही.

देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे दुःख झालंच नाही असं दाखवायचं, हा समज मला साफ चुकीचा वाटतो. आपल्या संतांनी असं कधी केलं नाही. 1630 च्या सुमारास दख्खनला भीषण दुष्काळ पडला. तुकोबांची पहिली पत्नी रखमाबाई आणि मुलगा संतू त्यात गेले, व्यापार बुडाला. त्यानंतर त्यांनी काय केलं? परंपरा सांगते की, त्यांनी गावातलं पडकं विठ्ठलमंदिर दुरुस्त केलं, धाकटा भाऊ कान्होबाचा वाटा त्याला देऊन स्वतःच्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली आणि कीर्तनाला उभे राहिले. त्यांच्या अभंगांत विठ्ठलाशी केवढी भांडणं आहेत! जनाबाईने तर त्याला शिव्याही दिल्या. जो समोर आहे याची खात्री असते त्याच्याशीच माणूस असं भांडतो. आणि आईबाप गमावलेल्या, वाळीत टाकलेल्या ज्ञानदेवांनी 1290 मध्ये नेवाशाला गीतेवर जो ग्रंथ सांगितला, तो भावार्थदीपिका म्हणून ओळखला जातो. दीपिका म्हणजे दिवाच.

2020 मध्ये पंढरपूरचं मंदिर महिनोन्‌महिने भक्तांसाठी बंद होतं. आषाढीला माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीने गेल्या. वारकऱ्याच्या काळजाला केवढं लागलं ते शब्दांत सांगता येणार नाही. पण बंद दारांच्या आत देवाचे नित्योपचार चालूच होते, पहाटेचा काकडासुद्धा. दार उघडलं नाही म्हणून दिवा विझला नव्हता, हे मला पुढे फार आधाराचं वाटलं.

इथे एक सांगून ठेवतो. आजाराला औषध हवंच. मी लशीचे दोन्ही डोस रांगेत उभं राहून घेतले. देव डॉक्टरच्या जागी नाही. डॉक्टरांनी हात टेकल्यावर मागे जी रात्र उरते, तिच्यात तो मला भेटला.

दादाची जागा भरलेली नाही, पण पखवाज आता त्याचा मुलगा वाजवतो. हात अजून कच्चा आहे, नाना सांभाळून घेतात.

येत्या कोजागिरीला तुमच्या ओळखीत कुणी असं पाठ फिरवून बसलं असेल, तर त्याला समजावू नका. पहाटे साडेतीनला जाऊन त्याची कडी वाजवा आणि टाळकरी कमी आहेत म्हणून सांगा.