किती हात होतील? चाच्यांच्या खेळातले गणित

मेंढीकोट तुम्ही सुटीत खेळलाच असाल. त्यात जितके हात आणि जितक्या मेंढ्या मिळतील तितके बरे. पण समजा, खेळ सुरू होण्यापूर्वीच तुम्हाला विचारले, ‘तुझे किती हात होतील?’ आणि तुम्ही सांगितलेल्या संख्येपेक्षा एक हात कमी झाला तरी दंड, एक जास्त झाला तरी दंड! आता मोठी पाने आली म्हणून आनंद मानावा की काळजी करावी?

आपल्याकडे ‘जजमेंट’ या नावाने जो खेळ खेळतात तो असाच आहे. त्याचाच एक चुलतभाऊ म्हणजे ‘स्कल किंग’. अमेरिकेतील ‘ग्रँडपा बेक्स गेम्स’ या प्रकाशकाने तो २०१३ साली बाजारात आणला. आपण त्याला कवटीराजा म्हणू. गेल्या दिवाळीत माझ्या भाचीने हा कॅट घरी आणला आणि पहिल्याच डावात माझी फजिती झाली. ती कशी झाली हे सांगण्यासाठी आधी नियम सांगायला हवेत.

कॅटात ७० पाने असतात. (जुन्या आवृत्तीतले आकडे थोडे निराळे आहेत, येथे नवी आवृत्ती धरली आहे.) पोपट, पेटारा, नकाशा आणि काळे निशाण असे चार रंग, आणि प्रत्येकात १ ते १४ अशी पाने. काळे निशाण हा कायमचा हुकूम. ही झाली ५६. उरलेली १४ पाने खास आहेत. ५ चाचे, १ कवटीराजा, २ जलपऱ्या, १ वाघीण आणि ५ ‘पळ’ची पाने. पळचे पान म्हणजे ‘मला हा हात नको’ असे सांगणारे पान. ते कोणालाच मारत नाही. वाघीण टाकताना ती चाचा आहे की पळ, हे टाकणाऱ्याने जाहीर करायचे.

एकूण दहा डाव. पहिल्या डावात प्रत्येकाला एक पान, दुसऱ्यात दोन, असे करत दहाव्यात दहा. पाने पाहून झाली की सगळ्यांनी ‘यो-हो-हो’ म्हणत मूठ तीनदा आपटायची आणि तिसऱ्या ठोक्याला एकदम बोटे दाखवायची. जितकी बोटे तितकी बोली. सगळे एकाच क्षणी बोलतात, त्यामुळे दुसऱ्याची बोली ऐकून आपली बदलता येत नाही. त्यानंतर नेहमीप्रमाणे उतारी होते. उतारीचा रंग जवळ असेल तर त्याच रंगाचे पान टाकायचे, पण खास पान मात्र रंग असतानाही केव्हाही टाकता येते.

आता गुण. एक किंवा अधिक हातांची बोली बरोबर आली, तर प्रत्येक हातामागे २० गुण. चुकली, तर जितक्या हातांनी चुकली त्या प्रत्येकामागे १० गुण वजा. शून्य बोलणाऱ्याचा हिशेब वेगळा. डावात जितकी पाने, त्याच्या दहापट गुण, मिळाले तर तितके, गेले तर तितके. दहाव्या डावात शून्य बोलून एकही हात झाला नाही तर १०० गुण मिळतात. एक जरी हात गळ्यात पडला तरी १०० जातात.

खास पानांपैकी प्रत्येक लढणारे पान हुकमाच्या १४ लाही मारते. पण त्यांची आपसातली गंमत निराळीच आहे. चाचा जलपरीला मारतो, कवटीराजा चाच्याला मारतो आणि जलपरी कवटीराजाला मारते! वजनाचे तसे नसते. अ हा ब पेक्षा जड आणि ब हा क पेक्षा जड असेल, तर अ हा क पेक्षा जड असलाच पाहिजे. तराजूवर घालून पाहण्याचीही गरज नाही. येथे मात्र ती साखळी वळून पुन्हा स्वतःलाच येऊन मिळते. दगड, कागद, कात्री या खेळात तुम्ही हे पाहिले आहे. निसर्गातही ते सापडते. कॅलिफोर्नियातील एका जातीच्या सरड्यांत नरांचे गळे नारिंगी, निळे किंवा पिवळे असतात. नारिंगी दांडगाईने निळ्याला हटवतो, निळा आपल्या मादीवर पहारा ठेवून पिवळ्याला दाद देत नाही, आणि पिवळा मादीसारखा दिसत असल्याने नारिंगीच्या मोठ्या हद्दीत गुपचूप शिरतो. सिनर्वो आणि लाइव्हली या शास्त्रज्ञांनी हे १९९६ साली प्रसिद्ध केले. अशा चक्रात तिघे एकदम समोर आले तर कोण जिंकणार, हे चक्र स्वतः सांगू शकत नाही. नियम करणाऱ्यालाच ते ठरवावे लागते. या खेळात चाचा, राजा आणि जलपरी एकाच हातात पडले तर तो हात जलपरीचा.

आता माझी फजिती. पहिला डाव, आम्ही चौघे, आणि माझ्या हातात एकच पान, कवटीराजा. मी अर्थातच एक बोट दाखवले आणि ऐटीत राजा टाकला. दोघांची किरकोळ पाने पडली आणि शेवटी भाचीने जलपरी ठेवली! तिनेही एकच बोलली होती. तिला हाताचे २० आणि राजा पकडल्याचे ४० असे ६० गुण. मला उणे १०. ‘मामा, फिजिक्स शिकवता ना तुम्ही? मग अंदाज चुकला कसा?’

प्रश्न बरोबर होता, म्हणून आम्ही कागद-पेन्सिल घेतली. राजा माझ्याकडे, म्हणजे बाकी ६९ पाने. त्यांत जलपऱ्या २. पहिल्या गड्याकडे जलपरी नसण्याची शक्यता ६७/६९, तसे झाल्यावर दुसऱ्याकडे नसण्याची ६६/६८, तिसऱ्याकडे ६५/६७. तिन्हींचा गुणाकार ०.९१. म्हणजे असे शंभर डाव झाले तर सुमारे ९१ वेळा राजा जिंकेल आणि ९ वेळा बुडेल. माझा डाव त्या नवांपैकी होता. तेच पान पुन्हा आले तर मी पुन्हा एकच बोलेन.

हे तुम्हीही करून पाहा. राजा बाजूला काढा, बाकीची पाने नीट पिसा, वरची तीन उघडा आणि त्यांत जलपरी आहे का ते लिहा. शंभर वेळा करा. पाच वेळा आली किंवा बारा वेळा आली तरी दचकू नका.

पण खरा प्रश्न पुढेच आहे. जिंकण्याची शक्यता किती असेल तर एक बोलावे? वर्गात विचारले तर बहुतेक जण ‘निम्म्याहून जास्त’ म्हणतील. मीही तेच म्हणालो असतो. आता गुणांकडे पाहा. समजा, एखादे पान दहांपैकी चार वेळा जिंकते. दर वेळी एक बोललात तर चारदा २० मिळतील, सहादा १० जातील, शिल्लक २०. दर वेळी शून्य बोललात तर सहादा १० मिळतील, चारदा १० जातील. शिल्लक पुन्हा २०. दोन्ही बोली सारख्याच! म्हणजे सीमा ०.५ ला नसून ०.४ ला आहे. त्याच्या वर एक बोला, खाली शून्य. पान हरण्याची शक्यता जास्त असूनही एक बोलणे फायद्याचे ठरू शकते, हे मला या खेळातले सर्वांत सुंदर गणित वाटते.

ही सीमा हाती आली की एकेक पान तपासता येते. चौघांचाच डाव घेऊ आणि वाघीण चाचा म्हणूनच पडते असे धरू. पोपटाचा १४ हाती आला की नवशिक्याची छाती फुगते. पण त्याला मारणारी पाने २३ आहेत. १४ हुकमाची आणि ९ खास. उतारी तुमचीच असली तरी तो जिंकण्याची शक्यता ४६/६९ × ४५/६८ × ४४/६७, म्हणजे फक्त ०.२९. शून्य बोला! उतारी दुसऱ्याची असेल तर त्याची अवस्था याहूनही वाईट. उलट हुकमाचा ६ पाहा. त्याच्यावर हुकमाची ८ पाने आणि खास ९, म्हणजे मारणारी १७. शक्यता ०.४२. एक बोला. हुकमाचा ५ मात्र ०.३९७ वर येतो, सीमेच्या अगदी कडेला, पण खाली. गडी वाढले की हे सगळे घसरते. सहा जण असतील तर हुकमाचा ८ देखील ०.२८ वर येतो.

चाच्याची गोष्ट आणखी गमतीची. एकाच हातात दोन चाचे आले तर आधी पडलेला जिंकतो. म्हणून उतारी तुमची असेल तर तुमच्या चाच्याला फक्त राजाचे भय. जिंकण्याची शक्यता ६६/६९, म्हणजे जवळजवळ ०.९६. प्रत्यक्ष राजापेक्षाही जास्त! पण तोच चाचा तुम्ही सर्वांत शेवटी टाकणार असाल तर आधी पडू शकणारे चार चाचे, वाघीण आणि राजा अशी सहा पाने आडवी येतात आणि शक्यता ०.७६ वर उतरते. पान तेच, जागा बदलली.

मोठ्या डावांत इतका नेमका हिशेब हाताने जमत नाही, तरी थोडासा जमतो. चौघांच्या दहाव्या डावात ४० पाने वाटली जातात आणि ३० तशीच राहतात. तुमच्याकडे राजा नसेल तर तो उरलेल्या ६० पानांत कोठेतरी आहे, आणि त्यांतली निम्मी खेळाबाहेर. म्हणजे ज्याच्या भीतीने तुम्ही चाचा दडवून ठेवता तो राजा निम्म्या वेळा खेळातच नसतो. याउलट राजा तुमच्याकडे असेल, तर इतरांपैकी कोणाकडे तरी निदान एक जलपरी असण्याची शक्यता सुमारे ०.७५. म्हणून राजा पहिल्याने टाकू नका. आपली पाळी शेवटची असेल, जलपरी पडलेली नसेल आणि एखादा चाचा पडला असेल, तेव्हा टाका. हात नक्की तुमचा. शिवाय बोली बरोबर आली तर पकडलेल्या प्रत्येक चाच्याचे ३० गुण.

बोटे दिसली की आणखी एक काम ताबडतोब करा. सगळ्या बोलींची बेरीज करा. दहाव्या डावात बेरीज १३ आली तर हातांसाठी ओढाताण होणार. जिंकता येईल तो हात लवकर घ्या. बेरीज ७ आली तर तीन हात कोणालाच नको आहेत आणि ते कोणाच्या तरी गळ्यात पडणारच. अशा वेळी शून्यवाल्याला घाम फुटतो. त्याला छोट्या पानांची भीती नाही, मोठ्यांचीही फारशी नाही, कारण कोणी चाच्याची उतारी केली की रंगाचे बंधन उरत नाही आणि नको असलेला १४ त्यात टाकून मोकळे होता येते. (त्या १४ चे १० जादा गुण मात्र चाचावाल्याला मिळू शकतात.) घात करतात ती सात-आठसारखी मधली पाने. ती टाकावीत केव्हा, हेच कळत नाही.

विकतचा कॅट नसला तरी चालेल. एकसारख्या पाठीचे पत्त्यांचे दोन कॅट घ्या. एक पूर्ण ठेवा; दुसऱ्यातील १४ पानांच्या तोंडावर चिठ्ठ्या चिकटवून ५ चाचे, ५ पळ, २ जलपऱ्या, वाघीण आणि राजा बनवा. इस्पिक हा कायमचा हुकूम, एक्का सर्वांत मोठा, दुर्री सर्वांत लहान. तुमचा कॅट ६६ पानांचा झाला, म्हणजे वरचे सगळे आकडे थोडे थोडे बदलतील. आता सांगा, चौघांच्या पहिल्या डावात इस्पिकचे कोणत्या पानापासून पुढे एक बोलावे? आणि तिघेच असाल तर?