शाहूंची फौज मोगलांनी दिलेली नव्हती

1707 सालचा विषय निघाला की भोर-वेल्ह्याकडे कोणीतरी ठासून सांगतेच, 'मोगलांनी शाहूंना फौज दिली आणि ताराराणींची गादी हिसकावली.' आता हे व्याख्यानांतूनही ऐकू येते, तेव्हा एकदा नीट पाहायला हवे.

औरंगजेब 1707 च्या मार्चमध्ये वारला. त्याचा मुलगा आझम तख्तासाठी उत्तरेकडे निघाला. 1689 पासून कैदेत असलेले संभाजीराजांचे पुत्र शाहू त्याच्याच छावणीत होते. मे महिन्यात माळव्यात दोराह्याच्या मुक्कामी आझमने त्यांना सोडले. मराठ्यांत दुही माजावी हा त्याचा हेतू होता, यात शंका नाही. पण कैदी सोडणे वेगळे आणि फौज देणे वेगळे. भावाशी झुंजायला आझमला स्वतःलाच माणूस हवा होता, आणि जूनमध्ये जाजऊच्या लढाईत तो मारलाही गेला. मेलेला शहजादा दख्खनेत फौज कशी पाठवेल? शाहूंच्या मातोश्री येसूबाई तर ओलीसच राहिल्या. त्या सुटल्या 1719 मध्ये.

फौज वाटेत जमत गेली. परसोजी भोसले, नेमाजी शिंदे, हैबतराव निंबाळकर, चिमणाजी दामोदर हे सरदार येऊन मिळाले. मोगलांशी लढण्यात उमेदीची वर्षे घालवलेली ही माणसे. साताऱ्यातल्या ताराराणींच्या दरबाराने शाहूंना तोतया ठरवले, म्हणजे ही सगळी फौज बंडखोर ठरली. तेव्हा परसोजींनी शाहूंच्या ताटात जेवून ते खरेच संभाजीराजांचे पुत्र असल्याची ग्वाही दिली, अशी हकिकत आहे.

12 ऑक्टोबर 1707 ला भीमेकाठी खेडला दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. ताराराणींकडून धनाजी जाधव आणि परशुरामपंत प्रतिनिधी उतरले होते. पण धनाजींचे मन आधीच वळले होते, त्यात पुढे पेशवे झालेल्या बाळाजी विश्वनाथांची खटपट होती. धनाजी शाहूंना मिळाले आणि प्रतिनिधींना सातारा गाठावा लागला. खेडचा निकाल तलवारीपेक्षा या मनपालटाने लागला, आणि त्यात मोगल तुकडीचा काडीचाही संबंध नव्हता.

पुढचा पेच मात्र भोरच्या खोऱ्यात होता. राजगड, रोहिड्याचा हा मुलूख शंकराजी नारायण सचिवांकडे होता. ताराराणींचे दिवंगत पती राजाराम महाराज यांच्या पडत्या काळात स्वराज्य सावरणाऱ्यांपैकी हे एक. त्यांनी ताराराणींशी दूधभाताची शपथ घेतलेली, आणि आता शाहू शिरवळला येऊन त्यांना बोलावत होते. शपथ मोडावी, की संभाजीराजांच्या मुलावर हत्यार धरावे? दोन्ही त्यांच्याने झाले नाही. आंबवड्याला त्यांनी आपला जीव संपवला. नागेश्वराच्या देवळाशी, ओढ्यावरच्या झुलत्या पुलाजवळ त्यांची समाधी आहे. लोक पुलावर फोटो काढतात आणि समाधीपाशी 'घाबरून जीव दिला' म्हणतात, याचा मनस्वी राग येतो. घाबरणाऱ्याला बाजू बदलणे किती सोपे होते! तो रस्ता धनाजींनी नुकताच मोकळा करून दिला होता.

शाहूंनीही सूड घेतला नाही. शंकराजींच्या अगदी लहान मुलाला, नारो शंकरला, सचिवपद दिले. बंडखोर म्हणून आलेल्या फौजेला मावळातले किल्ले मिळाले ते अशा वागण्याने. मग साताराही हाती आला आणि 12 जानेवारी 1708 ला तिथे शाहूंचा राज्याभिषेक झाला.

मोगलांकडे शाहूंनी कधी पाहिलेच नाही, असे मात्र नव्हे. चौथ-सरदेशमुखीच्या सनदांसाठी त्यांनी आझमचा भाऊ आणि नवा बादशहा बहादूरशहा याच्याकडे मागणी केली होती. पण 1709 मध्ये सरदेशमुखीची मागणी ताराराणींच्या बाजूनेही गेली होती, आणि बादशहाने दोघांनाही आपसांत लढून निकाल लावायला सांगितले. सनद मागणे ही फितुरी असेल, तर ती दोन्हीकडे मोजा.

आणखी काही गैरसमज. खेडनंतर यादवी संपली? नाही. 1711 मध्ये धनाजींचा मुलगा चंद्रसेन उलट ताराराणींना मिळाला, आणि सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांची वाटणी पक्की झाली ती 1731 च्या वारणेच्या तहात. औरंगजेबाने मराठ्यांचे सगळे गड लढून घेतले? बरेचसे पैसे चारून घेतले. 1704 मध्ये तोरणा मात्र लढूनच घ्यावा लागला. आणि कृपा करून, हे शाहू म्हणजे कोल्हापूरचे राजर्षी शाहू नव्हेत. राजर्षींचा जन्म 1874 चा.