विहिरीला चिखलाचा पहारा

तीन हजार मीटर खोल भोकात नुसते पाणी भरले, तरी तळाशी त्याचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे 300 पट होतो. तेलविहीर खोदणाऱ्यांची सारी मदार या साध्या नियमावर असते. पाण्यात बेंटोनाइट माती आणि बॅराइटची जड पूड कालवून केलेला चिखल, म्हणजे रिगवरचा ‘मड’, पोकळ पाइपांतून खडक फोडणाऱ्या बिटपर्यंत जातो, बिट गार ठेवतो आणि दगडाचा चुरा घेऊन वर येतो. याहून मोठे काम म्हणजे खडकातल्या तेल-वायूला आपल्या वजनाने जागीच दाबून धरणे.

हे वजन कमी पडले तर वायू विहिरीत शिरतो. त्याला ‘किक’ म्हणतात. जास्त झाले तर खडक चिरतो आणि मड भेगांत नाहीसा होतो, किंवा पाइप भिंतीला असा चिकटतो की सोडवण्यात दिवसच्या दिवस जातात. जीव आणि वेळ दोन्ही एकाच मापावर तोललेले!

सगळ्यात डोळस काम असते ते पाइप वर काढताना. भराभर ओढले, तर पिचकारीच्या दट्ट्यासारखे ते खडकातला वायू आत ओढून घेतात. शिवाय बाहेर आलेल्या पोलादाची जागा मडने भरावी लागते. त्यासाठी वेगळी ‘ट्रिप टँक’ असते. किती पाइप निघाले आणि टाकीची पातळी किती उतरली, याचा मेळ घालत तक्ता भरला जातो. विहिरीने हिशेबापेक्षा कमी मड घेतला, तर उरलेल्या जागेत दुसरेच काही शिरले असण्याची शक्यता असते. लगेच काम थांबवायचे, विहीर वाहते का पाहायचे. वाहत असेल तर बंद करायची. यात गेलेली मिनिटे मला वाया गेलेली वाटतच नाहीत.

विहीर बंद करणारा ब्लोआउट प्रिव्हेंटर 1922 मध्ये जेम्स अ‍ॅबरक्रॉम्बी आणि हॅरी कॅमेरॉन यांनी घडवला. त्याचा आराखडा टेक्सासमधल्या कॅमेरॉनच्या वर्कशॉपात, जमिनीवरच्या लाकडाच्या भुशात रेखाटला गेला. त्याआधी, 1901 साली, तिथल्याच स्पिंडलटॉपची विहीर नऊ दिवस आभाळात तेल उडवत होती. पुढे उपाय हाती असूनही विहिरींच्या अशा उसळ्या थांबल्या नाहीत. 1982 मध्ये आपल्या मुंबई हायवर ‘सागर विकास’ रिगला अशाच उसळीतून आग लागली.

मेक्सिकोच्या आखातातली ‘डीपवॉटर होरायझन’ रिग 20 एप्रिल 2010 रोजी पेटली, तेव्हा तिचे काम सुमारे सहा आठवडे मागे पडले होते. जड मड काढून त्याजागी समुद्राचे पाणी भरले जात होते. त्याआधी मडचा भार उतरवून विहीर बंद राहते का, याची चाचणी झाली. पाइपात दाब चढलेला दिसत असूनही चाचणी यशस्वी धरली गेली. प्रिव्हेंटरलाही विहीर बंद करता आली नाही. अकरा माणसे गेली, विहीर 87 दिवस वाहत राहिली. त्याच वर्षी अमेरिकेने ही चाचणी नियमाने सक्तीची केली.